एका कुरकुरीचं संयुक्त संशोधन

आवाज येत होता, हे मी सुरुवातीलाच ठणकावून सांगतो. नंतर जे काही घडलं त्यावरून लोक वाट्टेल ते बोलतात, आमचा मेहुणा तर चार माणसं जमली की हा किस्सा अभिनयासह करून दाखवतो; पण आवाज येत होता याबद्दल दुमत नाही. ध्वनिशास्त्र हा माझा विषय आहे. विद्यापीठात उभी हयात मी आवाज मोजण्यात घालवली. पंख्याचं कुठलं पातं वाकलंय हे मी शेजारच्या खोलीत बसून सांगतो. आता आमच्या हिचं म्हणणं असं की याच कानांना "अहो, कचऱ्याची पिशवी खाली नेता का" एवढं मात्र ऐकू येत नाही. पण तो वेगळ्या फ्रीक्वेन्सीचा प्रश्न आहे आणि त्यात मी आत्ता शिरत नाही.

तर खुर्ची. माझी अभ्यासाची जुनी खुर्ची कुरकुरायची, म्हणून मी ती भंगारात काढली आणि नवी आणली. बाजारात नुकतंच आलेलं मॉडेल होतं. पाठीला कमान, हाताला गादी, खाली चाकं. दुकानदार म्हणाला, "सर, बसून बघा, उठावंसं वाटणार नाही." घरी आणली, खोलीत ठेवली, दार लावलं, डोळे मिटले आणि बसलो.

कुर्र.

मी उठलो. कुर्र. पुन्हा बसलो. कुर्र. नव्या कोऱ्या खुर्चीचा हा उद्धटपणा बघून माझं डोकंच फिरलं. मी हिला हाक मारली. ही हात पुसत आली, बसली, उठली, चाकांवरून खोलीभर एक फेरी मारून आली. खुर्ची गप्प.

"कुठे वाजतेय? छान आहे की," ही म्हणाली.

"तू हलकी आहेस."

"ते मात्र तुम्ही पहिल्यांदाच म्हणालात," असं म्हणून ही खूश होऊन निघून गेली आणि मूळ मुद्दा बाजूला राहिला.

बातमी जिन्यातून खालीवर फिरायला वेळ लागत नाही. शेजारच्या वहिनी सांगून गेल्या की खुर्चीखाली जुनं पांघरूण घाला, नवीन वस्तूला घराची सवय व्हावी लागते. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तेल घाला." मी विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "सगळीकडे." आमचा मेहुणा विमा विकतो, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला तो उत्तर देतो. शेवटी वरच्या मजल्यावरचे काका आले. हे काका कोर्टात कारकून होते, आता निवृत्त आहेत. पण भांडण्याची हौस निवृत्त झालेली नाही. शिवाय अंगापिंडाने भक्कम. मी म्हटलं, काका, तुम्हीच बसा. काका बसले. नेमका आवाज कुठून येतोय हे कळावं म्हणून मी गुडघे टेकून खुर्चीच्या बुडाशी कान नेला.

कुर्र!

"ऐकलंत?" मी खालून ओरडलो.

"ऐकलं!" काका वरून ओरडले. "साक्षीदार म्हणून माझं नाव घाला. सोडू नका कंपनीला!"

मी सोडणार नव्हतोच. कंपनीला तक्रार केली, कंपनीचा मेकॅनिक आला. तो खुर्चीवर बसला, उड्या मारल्या, डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. मी हाताची घडी घालून दारात उभा होतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याच्या माणसासमोर ओणवं होऊन कान लावणं मला प्रशस्त वाटेना. खुर्ची अर्थातच चकार शब्द काढीना. दोन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं की खुर्ची ठणठणीत असून 'ग्राहकाच्या बसण्याच्या पद्धतीत' दोष असण्याची शक्यता आहे.

बसण्याच्या पद्धतीत! आता मला सांगा, माणूस बसतो म्हणजे काय करतो? त्यात पद्धत कसली आलीय? मी पीएच्‌. डी. झालो तो बसूनच झालो ना? माझा असा संताप झाला की मी विद्यापीठाच्या छापील कागदावर, आवाजाचा आलेख जोडून, कंपनीच्या थेट वरच्या साहेबांना पत्र ठोकलं. पत्राखाली सगळ्या पदव्या लिहिल्या. ही म्हणाली, "एका खुर्चीसाठी एवढं?" मी म्हटलं, "प्रश्न खुर्चीचा नाही, तत्त्वाचा आहे." आमच्या घरात हे वाक्य आलं की पुढे महिनोन्‌महिने निस्तरावं लागतं हे हिला अनुभवाने माहीत आहे.

पत्राचा परिणाम मात्र माझ्याही अपेक्षेबाहेर झाला. कंपनीने त्या मॉडेलचं उत्पादनच थांबवलं. दोष सापडेपर्यंत एकही खुर्ची बाहेर जाणार नाही, आणि वर्षअखेरपर्यंत सापडला नाही तर मॉडेल कायमचं रद्द. हे सांगायला जे गृहस्थ माझ्या दारात उभे राहिले त्यांना मी मनातल्या मनात 'खुर्चीवाले' हे नाव दिलं आणि पुढे ते सगळ्यांनीच उचललं.

खुर्चीवाले म्हणजे अगदी काडीसारखा माणूस. शर्टाच्या खिशाला मापाची टेप लावलेली, बोलणं इतकं हळू की माझ्यासारख्या कान तयार असलेल्या माणसालाही पुढे वाकावं लागे. भांडायला आलेला असेल म्हणून मी बाह्या सरसावून बसलो होतो. पण ते आत आले, खुर्चीजवळ गेले आणि सासरी नांदत असलेल्या लेकीला भेटल्यासारखे तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "बरी आहे ना?"

मी सरसावलेल्या बाह्या मुकाट खाली केल्या.

हळूहळू कळलं ते असं. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुर्च्यांचे भाग कागदावर आखून दिले होते. कुणाचा पाय, कुणाचा हात, कुणाची चाकं. अख्खी खुर्ची, डोक्यापासून चाकापर्यंत त्यांची स्वतःची, अशी ही पहिली. वर्षअखेरीला ते निवृत्त होणार होते, म्हणजे शेवटचीही हीच. "सर," ते म्हणाले, "दोष असेल तर मला तो बघायचाय. नुसतं रद्द करू नका म्हणावं, एवढंच."

तेव्हा मला आमची शांत खोली आठवली. खरं सांगायचं तर ती मी कधी विसरलोच नव्हतो.

विद्यापीठ आणि उद्योग यांनी हातात हात घालून चालावं म्हणून आमच्याकडे एक संयुक्त तंत्रज्ञान संशोधन केंद्र उभारलेलं आहे. सगळे त्याला नुसतं 'संयुक्त' म्हणतात. संयुक्त कुटुंबात जे जे होतं ते ते सगळं तिथे होतं. पाटीवर आधी विद्यापीठाचं नाव की आधी उद्योग संघाचं यावर इतक्या बैठका झाल्या की शेवटी पाटी गोल केली आणि नावं कडेने फिरवली. आता ती वाचायला मान फिरवावी लागते. चहाचे कप दोन रंगांचे आहेत. आणि एकमेकांवर विश्वास इतका की महत्त्वाच्या प्रयोगशाळांची दारं दोन कार्डं लावल्याशिवाय उघडत नाहीत. एक विद्यापीठाच्या माणसाचं, एक उद्योगाच्या माणसाचं. आत जायलाही आणि बाहेर यायलाही. म्हणजे कुणी एकट्याने जाऊन काही शोध लावायला नको.

शांत खोली माझ्या ताब्यात. भिंतींना, छताला स्पंजाचे त्रिकोणी सुळके, पायाखाली ताणून बसवलेली तारेची जाळी आणि जाळीखाली पुन्हा सुळके. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही, आणि आत केलेला परत फिरत नाही. तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की स्वतःच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. पाहुण्यांना भीती वाटते, मला मात्र तिथे फार बरं वाटतं. जगात दुसरीकडे कुठेही कुणी इतकं गप्प बसत नाही.

अडचण एकच होती. ही खोली कुणी वापरत नसे. विद्यापीठवाल्यांना वाटे ती उद्योगाची आहे, उद्योगवाल्यांना वाटे विद्यापीठाची आहे. झाडायलासुद्धा त्यामुळे कुणी यायचं नाही. हिच्या जुन्या ओढणीने मीच पुसून घ्यायचो. आणि आता आढावा समिती येणार होती. तोवर एखादा संयुक्त प्रकल्प पुरा करून दाखवला नाही, तर खोलीतले सुळके उपटून तिथे बैठकीचा हॉल करायचा असं जवळजवळ ठरलं होतं. बैठकांना जागा अपुरी पडते, आणि जागा वापरली जात नाही यावर आमच्याकडे फार बैठका होतात.

म्हणून खुर्ची म्हणजे मला देवच पावला. खुर्चीवाल्यांना दोष शोधायचा होता, मला खोली वाचवायची होती. दोघांच्याही गळ्याशी आलेलं. शिवाय माझी बसण्याची पद्धत निर्दोष आहे हेही जाता जाता सिद्ध होणार होतं.

खुर्ची संयुक्तच्या फाटकात अडली. पहारेकऱ्याने विचारलं, हे फर्निचर की नमुना? फर्निचर असेल तर भांडारात जाईल, नमुना असेल तर प्रयोगशाळेत. मी म्हटलं, "फर्निचरचा नमुना." झालं! इथे तोंड आवरायला हवं होतं. खुर्ची भांडारात गेली ती गेलीच. चार दिवस आम्ही दोघे गावभर चोर शोधावा तसे केंद्रभर हिंडलो. शेवटी ती लेखाधिकाऱ्यांच्या खोलीत मिळाली. ते स्वतः तिच्यात बसलेले होते.

"उत्तम खुर्ची आहे," ते म्हणाले. "कुणाची?"

खुर्चीवाल्यांचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं आता हे खुर्ची त्यांनाच देऊन टाकतात. "वाजते का हो?" त्यांनी आशेने विचारलं. "छे!" लेखाधिकारी म्हणाले. मी घाईने म्हटलं की लेखा विभागात एकंदर गोंगाटच इतका असतो की तिथे काही ऐकू येणं शक्य नाही, आणि खुर्ची ढकलत बाहेर काढली.

मग तिच्यावर 'नमुना – बसू नये' असं लेबल लागलं. आता खुर्ची तपासायची तर बसायला हवं, आणि बसायचं तर सुरक्षा विभागाची परवानगी हवी. सुरक्षा विभागाने विचारलं, बसल्याने धोका काय? आम्ही लिहिलं, काही नाही. ते म्हणाले, मग परवानगी कशाची देऊ? शेवटी खुर्चीवाल्यांनीच तोड काढली. माणसाने बसायचंच नाही. त्यांनी कंपनीच्या वर्कशॉपातून वाळूच्या पोत्याला पाठ आणि मांड्या करून आणल्या, वर एक दांडा जोडला, आणि हे धूड यंत्राने उचलून खुर्चीवर आदळायची सोय केली. आला की बसतो आणि बसला की लवकर उठत नाही, म्हणून आम्ही त्याला 'पाहुणा' म्हणू लागलो.

पाहुणा बसला. उठला. बसला. आठवडाभर बसला. आम्ही बाहेर नियंत्रण कक्षात आलेखाकडे डोळे लावून होतो. रेघ सरळ. इकडचं तिकडे नाही. खुर्चीवाले हळूहळू ताठ बसायला लागले. शेवटी मी म्हटलं, मायक्रोफोन तपासू या. आम्ही कार्डं लावली, आत गेलो, मी खुर्चीच्या पायाशी वाकलो, आणि पाचर लावून उघड्या ठेवलेल्या दारातून, बाहेर आलेख सांभाळणाऱ्या ऑपरेटरबाई किंचाळल्या, "आला! आला! सर, आवाज आला!"

आलेखावर हा एवढा उंचवटा! मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवाल्यांचा हात धरून गदागदा हलवला. तो हात थंडगार होता हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

मग मात्र सगळं विचित्रच होत गेलं. पाहुणा बसला की आवाज नाही. आम्ही आत जाऊन बघू लागलो की हमखास आवाज. मी यावर एक सिद्धान्तही मांडला, की माणसांच्या वावराने जाळी ताणली जाते आणि तो ताण चाकांतून खुर्चीत शिरतो. मायक्रोफोनही तसंच म्हणत होते: आवाज खुर्चीतून नव्हे, तर तिच्या हातभर बाजूने, जमिनीच्या जरा वरून येतोय. जाळी बदलायला हवी. पण जाळी ही जमीन आहे म्हणून ती बांधकाम विभागाची, लोखंडाची आहे म्हणून यंत्र विभागाची, आणि टांगलेली आहे म्हणून विद्युत विभागाची. का, तर टांगलेलं सगळं विद्युत विभागाकडे! तिन्ही विभागांची माणसं एकदम आली, जाळीवर उभं राहून भांडली, आणि त्या खोलीत भांडण रंगत नाही, शब्द तोंडातून निघाला की विरतो, म्हणून कंटाळून कामाला लागली. जाळी बदलली. मी बघायला वाकलो. कुर्र.

चाकं बदलली. कुर्र. खुर्ची पूर्ण सोडवली, प्रत्येक भाग तपासला, पुन्हा जोडली. एक स्क्रू उरला. तो कुठला हे तिच्या जन्मदात्यालाही सांगता येईना. त्या दिवशी खुर्चीवाले जेवले नाहीत.

मला आता हा माणूस आवडायला लागला होता आणि तीच पंचाईत होती. रोज दोन कार्डांपायी आम्ही नवराबायकोसारखे सगळीकडे जोडीने जायचो. त्यांना खोकला झाला तर मला घरी बसावं लागे. ते डबा आणत, त्यातलं अर्धं मला देत. विद्यापीठाचे कप निळे आणि उद्योगाचे हिरवे. आम्ही कुणाचं लक्ष नसताना अदलाबदल करायचो. एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "सर, एक विचारू? वाजते का हो ती, खरंच?"

मी काय सांगणार? माझ्या कानांनी ऐकलं होतं, काकांनी ऐकलं होतं, मायक्रोफोनांनी ऐकलं होतं. "वाजते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, आणि कप विसळायला घेऊन गेले. मला माझ्या कानांचा त्या दिवशी पहिल्यांदाच राग आला.

घरी मी दोन दोन घास टाकून उठत होतो. ही म्हणाली, "द्या ना ती खुर्ची मला. मी बसते, मला नाही वाजत." वरचे काका मात्र जिन्यात भेटले की विचारत, "तारीख कधीची लागलीय?"

आढावा समितीचा दिवस उजाडला. अध्यक्ष एक बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, आणि त्यांच्या मागे काही विद्यापीठातले वडीलधारे आणि काही कारखानदार. सगळे पन्नाशी-साठीचे. ऑपरेटरबाई त्यांना चहा द्यायला गेल्या आणि तेवढ्यात आम्ही दोघे खुर्ची आत मांडायला निघालो. आत खिशातलं काही वाजायला नको म्हणून किल्ल्या, फोन आणि कार्डं दाराबाहेरच्या ताटलीत काढून ठेवायची, आणि दाराला लाकडी पाचर लावायची, असा नियम. खुर्ची दोघांनी दोन बाजूंनी धरली. मला वाटलं पाचर उद्योगाने लावली. उद्योगाला वाटलं विद्यापीठाने लावली.

दार मागे अगदी हळू लागलं. फार उत्तम प्रतीचं दार होतं ते, मीच निवडलेलं.

"लागलं," खुर्चीवाले म्हणाले.

आम्ही ओरडलो. मी तर बेंबीच्या देठापासून ओरडलो. पण मी आधीच सांगितलं की आतला आवाज बाहेर जात नाही, आणि तसा तो जात नाही हे समितीला पटवून देण्यासाठीच तर आम्ही ही सगळी तयारी केली होती. मायक्रोफोन चालू होते. पण बाहेरचा लाऊडस्पीकर समितीच्या बोलण्यात व्यत्यय नको म्हणून मीच बंद करवला होता. बाहेर नुसता आलेख उमटत असणार. हात दुखेपर्यंत दार बडवून झालं.

"बसा सर," खुर्चीकडे हात करून ते म्हणाले.

"बसू नये असं लिहिलंय," मी म्हटलं. अशा प्रसंगातही मी नियम मोडत नाही. खुर्ची तशीच पलीकडच्या कोपऱ्यात राहिली आणि आम्ही दोघे दारापाशी जाळीवर मांडी घालून बसलो. काळजाचे ठोके ऐकू यायला लागले. त्यांचे जरा जास्त जोरात होते. थोड्या वेळाने मला वाटलं दार हललं, म्हणून मी उठलो.

कुर्र.

आम्ही दोघांनी खुर्चीकडे पाहिलं. ती लांब कोपऱ्यात होती. तिच्यावर कुणी नव्हतं. तिच्याजवळही कुणी नव्हतं.

मग खुर्चीवाल्यांनी फार सावकाश माझ्याकडे पाहिलं. "सर," ते म्हणाले, "परत बसता?"

"जाळी असेल."

"असेल. बसा तर खरं."

मी बसलो. कुर्र. उठलो. कुर्र. मी उजवा पाय धरून वाकवला. चिडीचूप. डावा वाकवला.

त्या खोलीत, जिथे मुंगीची चाहूलही लपत नाही, माझा डावा गुडघा तेल न घातलेल्या बिजागरीसारखा स्वच्छ, खणखणीत वाजला.

माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात. माझ्याखाली जाळी होती. माझ्या डोळ्यांपुढून जुनी खुर्ची गेली. तिच्या आधी कुरकुरतो म्हणून काढून टाकलेला सोफा गेला. त्याच्याही आधीचा, हिच्या माहेरून आलेला पलंग गेला, ज्यावरून ही आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. सगळे बिचारे निर्दोष! खुर्चीवाले आता हसतील, ओरडतील, माझा गळा धरतील, आणि मी तो धरू देईन असं मी ठरवलं.

ते रडत होते. "वाजत नाही ती," एवढंच ते म्हणत होते. "वाजत नाही, सर."

दारात खट्‌ झालं. ऑपरेटरबाईंनी ताटलीतली आमचीच कार्डं लावली होती. दार उघडलं आणि टाळ्या! अक्षरशः टाळ्या. समिती आलेखाभोवती गोळा झाली होती. इतके सुरेख, स्पष्ट उंचवटे आजवर कधी आले नव्हते.

"अभिनंदन!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "दोष पकडलात. संयुक्त प्रकल्प असावा तर असा. खोलीचा प्रश्नच मिटला."

खोली वाचली होती. मी तोंड उघडणार तोच खुर्चीवाले माझ्या कानाशी आले. "राहू द्या सर," ते कुजबुजले. "तुमची खोली राहतेय. मला कळलं ना ती वाजत नाही? बस. बाकी आता मी घरीच बसणार आहे."

मी काही फार थोर माणूस नाही. क्षणभर, चांगला लांबलचक क्षणभर, मला ते पटलं. गप्प राहिलो असतो तर खोली माझी, इभ्रत माझी, आणि बसण्याची पद्धतही निर्दोष. पण मग त्यांनी खुर्चीवरचं लेबल नीट बसवलं, भंगारात जायचीच होती तरी, आणि मी समितीकडे वळलो.

"बाई," मी म्हटलं, "दोष खुर्चीचा नाही. माझ्या गुडघ्याचा आहे."

कुणाला काही कळेना. शब्दांनी समजावण्यासारखं ते नव्हतंच. मी सगळ्या समितीला आत नेलं, खोलीच्या मधोमध उभा राहिलो, आणि सूट घातलेला, टाय लावलेला, पदव्या मिळवलेला मी, त्या सगळ्यांसमोर उठाबशा काढल्या. शाळेतसुद्धा कधी काढल्या नव्हत्या. कुर्र, कुर्र, कुर्र.

कुणी हसलं नाही. त्याहून ते वाईट होतं. मग अध्यक्षबाईंनी चष्मा नीट केला, दाराकडे तोंड फिरवलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं समजून गुपचूप एक गुडघा वाकवला.

टक्‌.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या.

पुढची पाऊण घटका संयुक्तच्या इतिहासात पहिल्यांदा विद्यापीठ आणि उद्योग एका कामात गढून गेले. एक कारखानदार म्हणाला, माझा खांदा ऐका. एक कुलगुरूपदाचे उमेदवार म्हणाले, माझी मान. रांग लागली. एकमेकांच्या गुडघ्यांशी कान लावून माणसं बसली होती आणि "छे, तुमचा फारच बारीक आहे हो" असं म्हणत होती. उद्योगाचे गुडघे विद्यापीठापेक्षा वाईट निघाले; त्यावर जरा तणाव झाला, पण तो त्या खोलीत विरून गेला. जाताना अध्यक्षबाई म्हणाल्या, "सुळके बिळके उपटायचे नाहीत. पुढच्या महिन्यात मी डॉक्टरांना घेऊन येते." बैठकीच्या हॉलबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

घरी मी हिला सगळं सांगितलं. वाटलं, आता पलंगाचा सूड उगवणार. तर ही म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तुला माहीत होतं?"

"अहो, तुम्ही जिना चढताना कुर्र ऐकू आलं की मी चहा टाकते. किती वर्षं झाली! मला वाटलं तुम्ही खुर्चीचं काहीतरी वेगळंच म्हणताय." वरचे काका मात्र पार नाराज झाले. त्यांनी कुणाविरुद्ध तरी खटला भरू या म्हणून पाहिलं, पण गुडघा माझाच असल्याने त्यांचा नाइलाज झाला.

खुर्ची पुन्हा बाजारात आली. वर्षअखेरीला खुर्चीवाल्यांचा निरोप समारंभ कंपनीच्या मोठ्या हॉलमध्ये झाला आणि त्यांनी मला मंचावर, माइकसमोर, त्यांच्याच खुर्चीत बसवलं. भाषणं झाली, हार झाले. मग खुर्चीवाले उठले. त्यांनी आमच्या शांत खोलीत केलेलं एक रेकॉर्डिंग माझ्याकडून मुद्दाम मागून घेतलं होतं. "मला बोलता येत नाही," ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले. "माझं काम तेवढं ऐकवतो." त्यांनी बटण दाबलं आणि हॉलभर लाऊडस्पीकरमधून त्यांची खुर्ची वाजू लागली, म्हणजे अजिबात वाजेना. पाहुणा बसत होता, उठत होता, आणि काही, काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. सगळा हॉल श्वास रोखून ते ऐकत होता. कारागीर, साहेब, खुर्चीवाल्यांची बायको, सुना. मला भरून आलं. इतकं काही चांगलं मी आयुष्यात मोजलं नव्हतं. टाळी वाजवावी, त्यांना मिठी मारावी, म्हणून मी न राहवून उठलो.

कुर्र!

माइकने ते शेवटच्या रांगेपर्यंत नेलं. साहेब दचकले. सगळ्या माना खुर्चीकडे वळल्या. आणि ज्यांचा आवाज ऐकायला मला आजवर पुढे वाकावं लागे, त्या खुर्चीवाल्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, माइक ओढून घेतला आणि छप्पर हादरेल अशा आवाजात सांगितलं, "घाबरू नका! हा आमचा नाही, हा विद्यापीठाचा!"